ईसीजी नॉर्मल होता, मग अटॅक कसा काय?

या आठवड्याचं पत्र उदगीर तालुक्यातनं आलंय. नाव देऊ नका म्हणलेत, देत नाही. पत्र मोठं होतं, थोडं कमी केलंय.

"मॅडम नमस्कार. आमचे अण्णा ५९ वर्षांचे, दहा वर्षांपासून शुगर आहे, तंबाखू खातात. दोन महिन्याखाली रात्री जेवण झाल्यावर नऊ-साडेनऊला छातीत दाबल्यासारखं व्हायलंय म्हणले, जबडा पण दुखायला, घामाने बंडी ओली. उदगीरला नेलं, ईसीजी काढला, डॉक्टर म्हणले नॉर्मल आहे, गॅस झालाय, इंजेक्शन दिलं, बरं वाटलं म्हणून घरी आलो. पहाटे साडेचारला परत तसंच. दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर तिथं परत ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट केली, म्हणले हार्ट अटॅक आहे, पोटात सुई दिली, गोळ्या दिल्या आणि लातूरला पाठवलं. तिथं दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करून एक स्टेंट टाकला, अजून एका नळीत ७० टक्के ब्लॉक आहे, नंतर बघू म्हणले. आता चुलते म्हणायलेत की ईसीजी नॉर्मल होता म्हणजे अटॅक नव्हताच, स्टेंट उगंच टाकला. शेजारच्या काकांना असंच दुखलं होतं तर त्यांना उदगीरलाच गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं, मग अण्णांना का नाही दिलं? आणि अण्णा आता चांगले आहेत, गोळ्या बंद करतो म्हणायलेत, एकाची दोन महिन्यात बंद केली तर काही झालं नाही म्हणे. चुलत्याने शिरेतून सलाईन देऊन ब्लॉकेज धुवून काढायचं सेंटर शोधलंय. काय करावं? ता.क. घरचं सगळं आईच बघायली, तिलाही दोन आठवड्यापासून हौदाकडनं पाणी आणताना दम लागायलाय, हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं म्हणते. वय झालंय."

दादा, अण्णा घरी येऊन गोळ्यांवरनं भांडायलेत हे वाचून आधी बरं वाटलं, भांडणारा पेशंट कधीही चांगला. आता चुलत्यांच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण असे चुलते प्रत्येक घरात एक तरी असतातच आणि त्यांचा प्रश्न खरं तर चुकीचा नाही, उत्तर चुकलंय.

ईसीजी म्हणजे काय, तर हृदयाच्या करंटचा दहा सेकंदांचा फोटो. तुमच्या बोअरची मोटार सारखी ट्रिप व्हायली म्हणून वायरमनला बोलावलं आणि तो आला तेव्हा मोटार झकास चालू, तो म्हणतो काही प्रॉब्लेम नाही आणि गाडीला किक मारून गेला की दहा मिनिटात परत बंद, हा अनुभव तुम्हाला सांगायची गरज नाही. अण्णांचं तेच झालं. लोकांना वाटतं ब्लॉकेज म्हणजे ठिबकच्या नळीत क्षार बसत बसत शेवटी नळी बंद होते तसं काहीतरी. अटॅक बहुतेक वेळा तसा येत नाही. नळीच्या आतल्या बाजूला चरबीचा एक थर असतो, कधीकधी तो ३०-४० टक्केच असतो, माणसाला काहीच त्रास नसतो, आणि एक दिवस तो फुटतो, मग फुटल्या जागी रक्ताची गुठळी धरायला लागते. ही गुठळी वाढते, थोडी विरघळते, परत वाढते. रक्त थोडं सुरू झालं की दुखणं थांबतं आणि ईसीजी पण सुधारतो. म्हणजे दहा वाजता गॅसच्या इंजेक्शनने बरं वाटलं हे कदाचित इंजेक्शनचं काम नव्हतंच, गुठळीनेच तेवढा दम घेतला असेल. गॅसच्या औषधाने थांबलं म्हणजे गॅसच होता, असं कुठल्याच पुस्तकात नाही, पण आपल्याकडं हेच सगळ्यात जास्त चालतं.

दुसरं असं की नेहमीचा ईसीजी समोरनं आणि बाजूनं बघतो, हृदयाची मागची भिंत त्याला नीट दिसत नाही. मागच्या बाजूची नळी बंद झाली तर कागद जवळजवळ साधा दिसू शकतो, तेव्हा पाठीवर चिकट्या लावून वेगळा ईसीजी काढावा लागतो. ज्या अटॅकमध्ये नळी पूर्ण बंद नसते त्यात तीन-चार पेशंटमागं एकाचा पहिला ईसीजी नॉर्मल असतो, ही काही विरळी गोष्ट नाही. म्हणून नियम असा आहे की छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की दहा मिनिटाच्या आत ईसीजी, आणि तो साधा आला आणि दुखणं चालू आहे किंवा परत यायलंय, तर थोड्या थोड्या वेळाने परत परत ईसीजी.

पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला हे चांगलं केलं, सगळे तेही करत नाहीत. पण शुगरचा पेशंट, घाम, जबड्यात कळ, आणि एका कागदावर घरी पाठवलं, हे चुकलं. मी दगड मारत नाही. मी नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा एक मामी पोटाच्या वर जळजळ म्हणून आल्या होत्या, मी ईसीजी काढला, साधा होता, पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि पाठवलं, आणि पहाटे त्यांचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून त्यांना परत घेऊन आला. तो ट्रॅक्टरचा आवाज मला आजही आला की पोटात गोळा येतो. मामी वाचल्या, पण त्या दिवसापासून एका ईसीजीवर मी कुणाला घरी सोडत नाही, भांडण झालं तरी बसवून ठेवते.

आता ट्रोपोनिन, कारण खरी प्रगती कुठं झाली म्हणाल तर माझ्या मते इथंच, स्टेंटचं कौतुक लोकांना जास्त असलं तरी. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन आहे, स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की ते रक्तात उतरतं. आधी आम्ही सीपीके-एमबी नावाची रक्ताची टेस्ट करायचो, मग ट्रोपोनिनचं कार्ड आलं, प्रेग्नन्सीच्या कार्डासारखं, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. कार्डाची अडचण अशी की दुखायला लागल्यापासून तीन-चार तास, कधी सहा तास गेल्याशिवाय ते बोलतच नाही. रात्री दहाला अण्णांची कार्ड टेस्ट केली असती तर निगेटिव्हही आली असती, आणि त्या निगेटिव्हवर सगळे निवांत झोपले असते. आता हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आलंय, मशीनवर होतं, अगदी बारीक वाढ पण आकड्यात सांगतं. त्यात आल्याबरोबर एकदा रक्त घ्यायचं आणि मशीन आणि पद्धतीप्रमाणं एक, दोन नाहीतर तीन तासांनी परत घ्यायचं. युरोपच्या गाइडलाइनमध्ये ही एक तासाची पद्धत २०१५ ला आली. बघायचं असतं ते दोन आकड्यांमधला फरक. किडनी खराब असलेल्या माणसाचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असतं, मोठं इन्फेक्शन झालं तरी वाढतं, म्हणून एकटा आकडा फसवू शकतो, पण तासा-दोन तासात तो वर चढला तर हृदयात आत्ता काहीतरी चालू आहे हे कळतं. आणि एक, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. युनिट वेगळं असतं, मशीन वेगळं असतं, एका ठिकाणचा ०.०४ आणि दुसऱ्या ठिकाणचा ४० एकच असू शकतो. असे दोन रिपोर्ट घेऊन "हजारपट वाढलं" म्हणत रडत आलेले लोक मी बघितलेत.

तर चुलत्यांना सांगा, पहाटेचं ट्रोपोनिन वाढलं, ईसीजी बदलला, अँजिओग्राफीत नळी सापडली, अटॅक होता. पहिला कागद खोटा नव्हता, पण तो रात्री दहाचा होता.

शेजारच्या काकांचं वेगळं. डॉक्टर लोक या सगळ्याला मिळून ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम म्हणतात आणि त्यात तीन भाऊ आहेत. नळी गुठळीने पूर्ण बंद झाली आणि ईसीजीत रेघ वर उचलली गेली तर तो स्टेमी, मोठा अटॅक. गुठळीने रस्ता अर्धवट अडवलाय, रेघ उचललेली नाही पण ट्रोपोनिन वाढलंय, तो एन-स्टेमी, अण्णांचा हाच दिसतो. आणि स्नायूला अजून इजा झालेली नाही, ट्रोपोनिन नॉर्मल, पण दुखणं नवीन आहे किंवा वाढत चाललंय, तो तिसरा, अनस्टेबल अंजायना. या तिसऱ्याकडं मी शेवटी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

गुठळी विरघळायचं इंजेक्शन फक्त पहिल्या भावासाठी. नळी ठार बंद असते, मिनिटागणिक स्नायू मरत असतो, तेव्हा एकतर लगेच अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा घालून नळी उघडणं, नाहीतर लगेच इंजेक्शन. हिशोब असा आहे की निदान झाल्यापासून दोन तासाच्या आत कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, वायर नळीच्या पार जाणार असेल तर अँजिओप्लास्टी उत्तम. दोन तास कागदावर फार वाटतात. उदगीरहून लातूर, त्यात ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, मध्ये कुठं काम चालू, पोचल्यावर टीम यायची, रात्र असेल तर अजून उशीर, बसत नाही बऱ्याचदा. मग जिथं आहे तिथंच पटकन इंजेक्शन देऊन पुढं पाठवायचं आणि इंजेक्शनने नळी उघडली असेल तर २ ते २४ तासात अँजिओग्राफी करायची, उघडली नसेल तर पोचल्या पोचल्या. शेजारच्या काकांच्या डॉक्टरांनी हेच केलं, शाबास म्हणते मी त्यांना. आम्ही शिकत होतो तेव्हा स्ट्रेप्टोकायनेज असायचं, तासभर ड्रिप चालायची, बीपी पडायचं, आम्ही बेडशेजारी स्टूल टाकून बसायचो. आता टेनेक्टेप्लेज आहे, वजनाप्रमाणं एकच सुई, काही सेकंदात झालं, म्हाताऱ्या माणसाला अर्धा डोस. पहिल्या दोन-तीन तासात दिलं तर लय फरक पडतो, बारा तासानंतर सहसा काही उपयोग नसतो. आणि ज्याला डोक्यात रक्तस्राव होऊन गेलाय, नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, त्याला देता येत नाही.

अण्णांच्या प्रकारात हे इंजेक्शन देऊन फायदा होत नाही हे अभ्यासात बघून झालंय, रक्तस्रावाचा धोका तेवढा वाढतो. त्यांना लागतं ते रक्त गोठू न देणारं औषध, ती पोटातली सुई, वर ॲस्पिरिन आणि दुसरी गोळी, आणि जास्त धोका असेल तर साधारण २४ तासात अँजिओग्राफी. दुखणं थांबतच नसेल किंवा बीपी पडत असेल तर मात्र वाट बघत नाहीत, लगेच घेतात. अण्णांना दुसऱ्या दिवशी घेतलं म्हणजे हयगय केली असं नाही, ते नियमातच होतं.

स्टेंट उगंच टाकला का, तर तुम्ही सांगितलंय त्यावरनं नाही. १९७७ ला झुरिकमध्ये ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा फुगा घालून नळी उघडली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडं स्टेंटचं नाव खराब झालं त्याला कारणं आहेत, काही ठिकाणी नको तिथं टाकलेत हे मी नाकारत नाही. पण ते बहुतेक स्थिर पेशंटच्या बाबतीत, चालताना थोडं दुखतं, औषधावर चाललं असतं, तिथं. चालू अटॅकमध्ये स्टेंटने जीव वाचतो, तिथं हा वाद घालायचा नसतो. किमतीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ ला सरकारने औषधवाल्या स्टेंटच्या किमतीला २९,६०० ची मर्यादा घातली, मध्ये थोडी कमी-जास्त होत आता ३८-३९ हजारांच्या घरात आहे. बिलावर स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहिलेली असते, बघून घ्या. आणि पुढच्या वेळी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार लागतं, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, इमर्जन्सीत फोनवर मंजुरी मिळते, कागद नंतर दिले तरी चालतात. बरेच लोक सावकाराकडनं पैसे उचलतात आणि आठ दिवसाने योजनेचं ऐकतात.

दुसऱ्या नळीतल्या ७० टक्क्यांचं, लातूरच्या डॉक्टरांना सरळ विचारा की ही करायची का, कधी, आणि का. काही ठिकाणी नळीत बारीक प्रेशर वायर घालून मोजतात की हा ब्लॉक खरंच रक्त अडवायलाय का नुसता दिसायलाय. नंतर बघू म्हणजे कधी, ती तारीख फाइलवर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

आता गोळ्या, इथं मी थोडी रागावणार आहे. दुखायचं थांबलं म्हणून गोळी बंद, हे पाऊस पडला म्हणून बांध फोडल्यासारखं झालं. स्टेंट ही धातूची जाळी, शरीराने तिच्यावर आतनं अस्तर धरेपर्यंत तिच्यावर गुठळी बसायला टपलेलीच असते, आणि तिथं गुठळी बसली तर तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट. ॲस्पिरिन सहसा कायमची, आणि दुसरी, म्हणजे क्लोपिडोग्रेल नाहीतर टिकाग्रेलर नाहीतर प्रासुग्रेल, अटॅकनंतर साधारण एक वर्ष. अलीकडं काही निवडक पेशंटमध्ये एक ते तीन महिन्यांनी दोघांपैकी एक थांबवतात, पण ते तुमचा कार्डिओलॉजिस्ट फाइल बघून ठरवतो, अण्णा शेताच्या बांधावर बसून नाही. एकाला काही झालं नाही म्हणता, अहो हेल्मेट न घालणाऱ्या प्रत्येकाला कुठं काही होतं.

पण त्यांना गोळी का नको वाटायली ते विचारा आधी. टिकाग्रेलर चालू असेल तर काही लोकांना दम लागल्यासारखं होतं, झोपताना मोठा श्वास घ्यावासा वाटतो, घाबरून जातात आणि कुणाला न सांगता सोडतात. हा गोळीचा माहीत असलेला त्रास आहे, बदलून दुसरी देता येते. ती दिवसातनं दोनदा असते, संध्याकाळची हमखास राहते. दाढ काढायची असली तरी डेंटिस्टच्या सांगण्यावरनं परस्पर बंद करायची नाही, कार्डिओलॉजिस्टला फोन करायचा. कोलेस्टेरॉलची गोळी मोठ्या डोसात असते, कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं असतं. तंबाखूचं मी जास्त लिहीत नाही, डबी घरातनं गेली पाहिजे, बस.

सलाईनने ब्लॉकेज धुवायचं ते सेंटर. त्याला केलेशन म्हणतात, आपल्याकडं जाहिराती भिंतीभिंतीवर आहेत. याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि २०२४ ला निकाल आला, आणि गंमत बघा, त्यात घेतलेले पेशंट अगदी अण्णांसारखेच होते, पन्नाशीच्या पुढचे, आधी अटॅक येऊन गेलेला आणि शुगर असलेले, हजारभर लोक. आठवड्याला एक अशी ४० सलाईन. फायदा शून्य. चुलत्यांना हे वाचून दाखवा, आणि त्या पैशात वर्षाच्या गोळ्या येतात हेही सांगा.

परत असं दुखलं तर घरी काय करायचं, थोडक्यात. बसवा, चालवू नका, माडीवरनं चालत खाली आणू नका. १०८ ला फोन, महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गाडीला फार वेळ लागणार असेल तर जीप करा, मोटारसायकलवर मध्ये बसवून नाही, मध्येच शुद्ध गेली तर तिघंही जाल. ॲस्पिरिन ३०० च्या आसपास, चावून, पाण्याबरोबर गिळून नाही. ॲलर्जी असेल, रक्ताची उलटी झालेली असेल, किंवा तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय असं दिसत असेल तर देऊ नका. या साध्या गोळीची ताकद लोकांना माहीत नाही, १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात १७ हजारांवर पेशंट होते, नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यातले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले, गुठळी विरघळायच्या औषधाबरोबर दिली तर ४२ टक्क्यांनी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डब्यातनं घेऊन देऊ नका, काही प्रकारच्या अटॅकमध्ये त्याने बीपी धाडकन पडतं. जोरात खोका, बोटाला सुई टोचा, असले व्हॉट्सअपवरचे उपाय विसरा. आणि उशीर कुठं होतो बघा, २००८ ला भारतातल्या २० हजारांवर पेशंटचा अभ्यास आला होता, दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलला पोचायला निम्म्या लोकांना ६ तासांपेक्षा जास्त लागले होते. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र साधारण ५० मिनिटं. बाकीचा सगळा वेळ खायचा सोडा, ओवा, आणि "सकाळी बघू" यात गेला.

अण्णांचे दोन्ही ईसीजी सापडले का बघा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, वर्षा-दोन वर्षात कोरा होतो. लॅमिनेशन करू नका, काळा पडतो, लोक हौसेने करून आणतात आणि मला काळी पाटी दाखवतात. मोबाइलवर सरळ, उजेडात फोटो काढा आणि घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या ईसीजीशी ताडून बघायला जुना हाताशी असला की अर्धं काम झालं.

आणि आता तुमचं ता.क. सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या दोन ओळींची वाटली. दोन आठवड्यापासून, पाणी आणताना दम, हात भरून येतो, थांबलं की बरं. दादा, याला वय म्हणत नाहीत. बायकांना छातीत दुखायलंय असं म्हणायची सवयच नसते, त्या दम लागतो, पाठ धरली, हात भरला एवढंच म्हणतात आणि कामाला लागतात. हा तो तिसरा भाऊ असू शकतो, ज्यात ट्रोपोनिन नॉर्मल येतं आणि ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो, आणि म्हणूनच पेशंट घरी पाठवला जातो. उद्या सकाळी आईला घेऊन जा, शेतातलं काम राहू द्या. डॉक्टरांना "दम लागतो" एवढंच सांगू नका, दोन आठवड्यापासून नवीन आहे, हात भरून येतो, थांबलं की जातं, हे सगळं अस्सं सांगा, आणि ईसीजी नॉर्मल आला तरी पुढं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि कार्डिओलॉजिस्टचं विचारा. तोवर हौदाचं पाणी तुम्ही आणा. आणि आज रात्री बसल्या जागी दुखलं, घाम आला, तर सकाळची वाट बघू नका.